अर्नेस्ट एमरी कॉडमन

अर्नेस्ट एमरी कॉडमन (३० डिसेंबर १८६९ – २३ नोव्हेंबर १९४०) हे अमेरिकेतील बॉस्टन शहरातील शल्यचिकित्सक होते. खांद्याच्या विकारांचे अभ्यासक आणि रुग्णालयांतील उपचारांचा परिणाम मोजण्याच्या पद्धतीचे प्रवर्तक म्हणून ते ओळखले जातात. खांदा हळूहळू आखडत जाऊन हात वर उचलणे आणि बाहेरच्या बाजूस वळवणे अशक्य होते, त्या विकाराला आज जगभर वापरले जाणारे फ्रोझन शोल्डर हे नाव त्यांनी १९३४ मध्ये रूढ केले. मराठीत या विकारास खांदा आखडणे, खांदा जखडणे किंवा गोठलेला खांदा असे म्हणतात.

प्रत्येक रुग्णाचा उपचारानंतर दीर्घकाळ पाठपुरावा करून उपचार यशस्वी झाला की नाही, आणि झाला नसल्यास का, हे रुग्णालयाने शोधावे व लोकांसमोर मांडावे, असा कॉडमन यांचा आयुष्यभर आग्रह होता. या आग्रहापायी त्यांना प्रतिष्ठा, पद आणि उत्पन्न गमवावे लागले. खांद्याच्या विकारांत या आग्रहाचे महत्त्व विशेष जाणवते, कारण आखडलेला खांदा बऱ्याच अंशी काळानुसार आपोआपही सैल होतो. अशा वेळी गुण औषधाने आला, व्यायामाने आला की केवळ दिवस गेल्याने, हे पाठपुराव्याविना सांगता येत नाही.

जन्म व शिक्षण

कॉडमन यांचा जन्म बॉस्टनमधील एका जुन्या प्रतिष्ठित घराण्यात झाला. सेंट मार्क्स स्कूलमधील शिक्षणानंतर त्यांनी १८९१ मध्ये हार्वर्ड महाविद्यालयाची पदवी व १८९५ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून ख्याती पावलेले हार्वी कुशिंग हे त्यांचे सहाध्यायी व मित्र होते. शिकार आणि मासेमारी हे कॉडमन यांचे आवडते छंद होते आणि त्यांसाठी वेळ काढताना त्यांना संकोच वाटत नसे. १८९९ मध्ये त्यांचा विवाह कॅथरीन पुटनम बाउडिच यांच्याशी झाला. या दांपत्यास अपत्य नव्हते.

ईथरची नोंद आणि क्ष-किरण

त्या काळी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णास ईथर देऊन बेशुद्ध करण्याचे काम वैद्यकीय विद्यार्थ्यांकडे असे. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण नसे. कुशिंग विद्यार्थी असताना त्यांनी ईथर दिलेला एक रुग्ण शस्त्रक्रियेदरम्यान दगावला आणि या घटनेने ते अत्यंत व्यथित झाले. पुढे कोण अधिक चांगल्या रीतीने ईथर देतो यावर दोघा मित्रांत पैज लागली. हरणाऱ्याने जिंकणाऱ्यास जेवण द्यायचे, असे ठरले. पैजेचा निकाल लावण्यासाठी काही मोजमाप आवश्यक होते. म्हणून १८९४ पासून दोघांनी शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाची नाडी व श्वसन ठरावीक अंतराने कागदावर टिपण्यास सुरुवात केली. बधिरीकरणाच्या लेखी नोंदीचा हा आरंभ मानला जातो. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात यांपैकी काही तक्ते आजही जतन केलेले आहेत. आज कोणत्याही शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ जो तक्ता भरतात, त्याचा उगम विद्यार्थ्यांच्या या पैजेत आहे.

१८९५ च्या अखेरीस व्हिल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर लवकरच कॉडमन यांनी बॉस्टनमधील बालरुग्णालयात क्ष-किरणचित्रे काढण्याचे काम हाती घेतले. निरोगी सांधे क्ष-किरणांत कसे दिसतात हे ठाऊक असल्याशिवाय रोगट सांधा ओळखता येणार नाही, या विचाराने त्यांनी शरीरातील सर्व सांध्यांची निरोगी स्थितीतील चित्रे पद्धतशीरपणे काढून त्यांचा संग्रह तयार केला. क्ष-किरणांमुळे त्वचा भाजल्याच्या तोपर्यंत नोंदल्या गेलेल्या प्रकरणांचा अभ्यासही त्यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केला. नव्या साधनाच्या कौतुकाच्या त्या दिवसांत त्याच्या अपायांची मोजदाद करणारे थोडेच होते.

अंतिम परिणामाची कल्पना

कॉडमन मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून रुजू झाले आणि हार्वर्डमध्ये अध्यापनही करू लागले. १९०० च्या सुमारास त्यांच्या मनात एक साधा विचार आकार घेऊ लागला. कारखानदार आपला माल बाजारात जाण्यापूर्वी तपासतो. रुग्णालयाचा माल म्हणजे बरा झालेला रुग्ण, पण तो दारातून बाहेर पडला की त्याचे पुढे काय झाले हे कोणी पाहत नाही. किती शस्त्रक्रिया झाल्या, किती खाटा भरल्या, किती खर्च झाला याचे अहवाल निघतात, मात्र किती लोक खरोखर बरे झाले याचा अहवाल निघत नाही.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे प्रत्येक रुग्णामागे एक कार्ड. त्यावर रुग्णाची लक्षणे, उपचारापूर्वीचे निदान, केलेला उपचार, उद्भवलेली गुंतागुंत आणि रुग्णालयातून जातानाचे निदान लिहायचे. नंतर एक वर्षाने रुग्णास बोलावून किंवा पत्राने विचारून त्याची स्थिती नोंदवायची. परिणाम अपेक्षेप्रमाणे नसेल तर त्याचे कारणही त्याच कार्डावर लिहायचे. ही कारणेही त्यांनी ठरवून दिली होती. तांत्रिक ज्ञान किंवा कौशल्य कमी पडणे, शस्त्रक्रियेचा निर्णय चुकणे, काळजी किंवा साधने अपुरी असणे, निदान चुकणे, रोगच असाध्य असणे आणि रुग्णाने उपचार नाकारणे अशी ती यादी होती. वैद्यकास टाळता येणार नाहीत अशी संकटे त्यांनी वेगळी मांडली. परंतु त्यांची वाच्यता झाली पाहिजे, हा आग्रह तेथेही कायम होता.

१९१० मध्ये लंडन येथे घोडागाडीतून परतताना कॉडमन यांनी ही कल्पना फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक एडवर्ड मार्टिन यांना समजावून सांगितली. मार्टिन यांना ती पटली. शल्यचिकित्सकांची राष्ट्रीय संघटना स्थापून तिच्यामार्फत रुग्णालयांना शिस्त लावावी, असा विचार त्या संभाषणात पुढे आला. १९१३ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सची स्थापना झाली आणि रुग्णालयांच्या प्रमाणीकरणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद कॉडमन यांच्याकडे आले.

इतरांना उपदेश करण्यापूर्वी स्वतः करून दाखवावे म्हणून त्यांनी १९११ मध्ये बॉस्टनच्या बीकन हिल भागात स्वतःचे लहानसे रुग्णालय सुरू केले. तेथे अवघ्या डझनभर खाटा होत्या. १९११ ते १९१६ या काळात तेथून ३३७ रुग्ण उपचार घेऊन बाहेर पडले आणि त्यांच्या बाबतीत कॉडमन यांनी १२३ चुका नोंदवल्या. या चुकांत त्यांच्या स्वतःच्या हातून घडलेल्या गंभीर चुकाही होत्या. शस्त्रक्रियेत चुकीची नलिका बांधली गेल्याने रुग्ण दगावल्याची नोंदही त्यांनी लपवली नाही. हे अहवाल त्यांनी स्वखर्चाने छापले आणि देशातील प्रमुख रुग्णालयांना पाठवले. त्यांचे अनुकरण मात्र कोणी केले नाही.

मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात त्या वेळी बढती सेवाज्येष्ठतेनुसार मिळत असे. ज्याचे परिणाम चांगले त्याला वरचे पद मिळावे, असे कॉडमन यांचे म्हणणे होते. १९१४ मध्ये त्यांनी या पद्धतीच्या निषेधार्थ राजीनामा दिला. तो स्वीकारल्याचे कळताच त्यांनी मुख्य शल्यचिकित्सकाच्या पदासाठी अर्ज केला. मागील दहा वर्षांत आपल्या रुग्णांचे परिणाम इतर शल्यचिकित्सकांपेक्षा चांगले आहेत, हे कारण त्यांनी अर्जात दिले होते. पद त्यांना मिळाले नाही. अर्जामागे खोडसाळपणाही होता, हे उघड आहे. पण त्यांचा दावा खोटा ठरवायचा तर इतरांचे परिणाम मोजावे लागले असते, आणि नेमके तेच कोणी केलेले नव्हते.

१९१५ ची सभा

६ जानेवारी १९१५ रोजी बॉस्टन येथे स्थानिक वैद्यकीय संस्थेची सभा झाली. तिचे आयोजन कॉडमन यांनी केले होते. विषय होता रुग्णालयांची कार्यक्षमता. बॉस्टनचे महापौर जेम्स मायकेल कर्ली आणि कामाच्या हालचालींचे मोजमाप करणारे प्रसिद्ध अभियंता फ्रँक गिलब्रेथ हे निमंत्रितांत होते. सभेच्या अखेरीस कॉडमन यांनी सुमारे आठ फूट लांबीचे एक व्यंगचित्र उघड केले. त्यात श्रीमंत बॅक बे वस्तीचे प्रतीक असलेला एक शहामृग वाळूत डोके खुपसून उभा होता आणि मागे सोन्याची अंडी लाथेने वैद्यकांकडे ढकलत होता. उपचारांचा खरा परिणाम लोकांना कळला तर ही अंडी मिळत राहतील काय, असा प्रश्न रुग्णालयाचे विश्वस्त व विद्यापीठाचे अध्यक्ष यांना पडला आहे, असे त्यात दाखवले होते.

सभेत गोंधळ उडाला. वृत्तपत्रांनी प्रकरण उचलून धरले. कॉडमन यांना स्थानिक संस्थेचे पद सोडावे लागले, हार्वर्डमधील अध्यापनाची नेमणूक गेली आणि सहकारी त्यांच्याकडे रुग्ण पाठवेनासे झाले. आपल्या उत्पन्नाचा वर्षवार आलेख त्यांनी पुढे स्वतःच्याच ग्रंथात छापला. त्यात ही घसरण स्पष्ट दिसते. चित्र काढण्याऐवजी सौम्य मार्ग स्वीकारला असता तर त्यांची कल्पना लवकर रुजली असती, असे मानण्यास जागा आहे. परंतु दहा वर्षे सौम्यपणे सांगूनही फारसा उपयोग झालेला नव्हता, हेही लक्षात घ्यावे लागते.

त्यांच्या पश्चात समितीचे काम चालू राहिले. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने १०० व त्याहून अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा किमान निकष पूर्ण करणारी रुग्णालये केवळ ८९ आढळली. नापास ठरलेल्यांत नामवंत संस्था होत्या. १९१९ मध्ये न्यूयॉर्कमधील अधिवेशनात आकडे जाहीर झाले, पण रुग्णालयांची नावे बाहेर फुटू नयेत म्हणून यादी हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली. या कार्यातूनच १९५१ मध्ये रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेचा जन्म झाला.

युद्धकाळ आणि अस्थिकर्करोगाची नोंदवही

६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन सुमारे दोन हजार लोक मृत्युमुखी पडले. कॉडमन मदतीसाठी तेथे गेले. पुढे त्यांनी अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय दलात काम केले. युद्धानंतर ते परतले तेव्हा त्यांच्यावर कर्ज होते आणि त्यांचे रुग्णालय पुन्हा सुरू होऊ शकले नाही.

१९२० मध्ये हाडाचा कर्करोग झालेल्या एका रुग्णाच्या कुटुंबाने, या रोगातून कोणी वाचले आहे काय याचा शोध घेण्यासाठी त्यांना आर्थिक साहाय्य दिले. त्यातून जेम्स युइंग व जोसेफ ब्लडगुड यांच्या सहकार्याने देशभरातील अस्थिकर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही उभी राहिली. एखाद्या कर्करोगाची अमेरिकेतील ही पहिली राष्ट्रीय नोंदवही होय. रुग्णाचा शेवटपर्यंत माग काढण्याचे तत्त्व या कामात प्रथमच मोठ्या प्रमाणावर स्वीकारले गेले. हाडावरील आवरण गाठीमुळे उचलले गेल्याने क्ष-किरणचित्रात दिसणाऱ्या त्रिकोणाला कॉडमन यांचा त्रिकोण म्हणतात. क्ष-किरणचित्रे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव प्रथम येथेच भेटते.

खांद्याचा अभ्यास

शतकाच्या आरंभापासूनच कॉडमन खांद्याकडे वळले होते. खांद्याच्या टोकाशी असलेल्या हाडाच्या छज्जाखाली एक पातळ पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. हात उचलताना कंडरा हाडाला घासू नये म्हणून ती असते. या पिशवीवर आणि आखडलेल्या दुखऱ्या खांद्यांवर त्यांनी १९०४ व १९०६ मध्ये लेखन केले. तोपर्यंत खांदेदुखी म्हटली की संधिवात, मज्जातंतूचा दाह किंवा थंडी अशी मोघम कारणे सांगितली जात. शवविच्छेदन करताना कॉडमन यांना दिसले की पिशवीच्या तळाशी असलेला सुप्रास्पायनेटस स्नायूचा कंडरा अनेकदा फाटलेला असतो. १९०९ मध्ये त्यांनी असा फाटलेला कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया केली आणि १९११ मध्ये अशा दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला.

या अभ्यासाला सामाजिक बाजूही होती. मॅसॅच्युसेट्समध्ये याच सुमारास कामगारांच्या अपघातांसाठी नुकसानभरपाईचा कायदा आला होता. ओझे उचलताना किंवा पडल्यावर खांदा निकामी झालेल्या मजुराच्या क्ष-किरणचित्रात काहीच दिसत नसे. त्यामुळे तो ढोंगी ठरवला जाण्याची शक्यता असे. कंडरा क्ष-किरणांत दिसत नाही आणि तो फाटला असेल तर मजुराची तक्रार खरी असते, हे कॉडमन यांनी आग्रहाने मांडले. धर्माबादच्या मिरची बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाचा खांदा दुखू लागला तर आजही पहिला प्रश्न हाच असतो की कंडरा फाटला आहे की खांदा आखडला आहे. दोन्हींत हात वर जात नाही. फाटलेल्या कंडऱ्यात रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने आधार देऊन उचलल्यास तो बहुधा वर जातो. आखडलेल्या खांद्यात दुसऱ्याने उचलूनही जात नाही.

हात उचलताना दंडाचे हाड व खांद्याचे फावडे एका ठरावीक लयीत एकत्र हलतात, हे त्यांनी वर्णिले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक विरोधाभासही आहे, तो कोणासही करून पाहता येतो. हात शरीरालगत लोंबता ठेवावा, तळवा मांडीकडे असावा. हात सरळ समोर खांद्याच्या उंचीपर्यंत उचलावा, तेथून आडवा बाजूस न्यावा आणि मग खाली सोडावा. हात मुद्दाम कोठेही पिळलेला नसताना तळवा आता समोर वळलेला दिसतो.

१९३४ मध्ये कॉडमन यांचा खांद्यावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी स्वखर्चाने छापला. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी दीर्घ आत्मकथन जोडले आहे. त्यात १९१५ चे व्यंगचित्र आहे, उत्पन्नाचा आलेख आहे आणि अंतिम परिणामाच्या कल्पनेचा सारा इतिहास आहे. शस्त्रक्रियेच्या ग्रंथात हा भाग विजोड वाटतो. मात्र ग्रंथ उघडणाऱ्या प्रत्येक शल्यचिकित्सकाला आधी तो वाचावा लागतो.

फ्रोझन शोल्डर

या ग्रंथातच फ्रोझन शोल्डर हे नाव आले. विकार नवा नव्हता. भारतीय वैद्यकात सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये अवबाहुक वर्णिला आहे. खांद्यात राहिलेला वायू तेथील बंधने शुष्क करतो व शिरा आकुंचित करतो, अशी त्याची उपपत्ती आहे. आजच्या फ्रोझन शोल्डरशी तो तंतोतंत एक आहे असे म्हणता येत नाही, परंतु बंधन आकसते हे निरीक्षण लक्षणीय आहे. पॅरिसचे शल्यचिकित्सक सिमॉन एमान्युएल द्युप्ले यांनी १८७२ मध्ये या विकारास सांध्याभोवतीचा दाह असे नाव दिले होते आणि रुग्णास बेशुद्ध करून खांदा जोराने हलवण्याचा उपाय सांगितला होता.

कॉडमन यांनी लक्षणांचे जे चित्र रेखाटले ते आजही बदललेले नाही. दुखणे मोठ्या दुखापतीशिवाय, हळूहळू सुरू होते. वेदना खांद्याच्या टोकावर नव्हे, तर दंडाच्या बाहेरील बाजूस, स्नायू हाडाला चिकटतो त्या जागी जाणवते. त्या कुशीवर झोपता येत नाही. हात वर उचलणे आणि बाहेर वळवणे दोन्ही थांबते. क्ष-किरणचित्र मात्र निर्दोष असते. विकाराची व्याख्या, उपचार आणि शरीरातील कारण या तिन्हींचा उलगडा कठीण असल्याची कबुली त्यांनी दिली. स्वतः त्यांचा कल कंडऱ्याच्या दाहाकडे होता.

या कारणाबाबत त्यांचा अंदाज चुकला. १९४५ मध्ये ज्युलियस नेव्हियासर यांनी अशा खांद्यांवर शस्त्रक्रिया करून पाहिले, तेव्हा दोष कंडऱ्यात नसून सांध्याभोवतीच्या आवरणात आढळला. हे आवरण सुजून जाड होते आणि आकसते. निरोगी खांद्याच्या आवरणात ते खालच्या बाजूस सैल, चुणीदार असते. हात वर जाताना ही चुणी उलगडते. आखडलेल्या खांद्यात ती उरत नाही. ज्या पोकळीत एरवी २५ ते ३० मिलिलिटर द्रव मावतो, तिच्यात १० मिलिलिटरही मावेनासा होतो. पुढील बाजूचे आवरण व बंध सर्वाधिक आकसत असल्याने हात बाहेर वळवणे सर्वांत आधी बंद पडते.

विकार साधारणपणे ४० ते ६० या वयात होतो आणि स्त्रियांत अधिक आढळतो. मधुमेहींत त्याचे प्रमाण इतरांच्या अनेक पट आहे व बरे होण्यासही अधिक काळ लागतो. थायरॉइडच्या विकारांशीही त्याचा संबंध आहे. त्यामुळे विनाकारण खांदा आखडलेल्या व्यक्तीची रक्तशर्करा तपासणे इष्ट मानले जाते. हाताला अन्य कारणाने बराच काळ विश्रांती दिल्यासही खांदा आखडू शकतो. घरात हा विकार प्रथम लक्षात येतो तो वेणी घालताना, पाठीमागे हात नेऊन कपडे नेसताना किंवा वरच्या फळीवरील डबा काढताना. चुलीपुढे भाकरी थापण्याचे काम कित्येकदा चालू राहते, कारण त्यात खांदा वर जात नाही. त्यामुळे दुखणे पुष्कळ दिवस अंगावर काढले जाते.

पुढील अभ्यासकांनी विकाराचे तीन टप्पे मानले. पहिल्यात वेदना तीव्र असते, विशेषतः रात्री, आणि खांदा आखडत जातो. दुसऱ्यात वेदना ओसरते पण आखडलेपण कायम राहते. तिसऱ्यात हालचाल सावकाश परत येते. प्रत्येक टप्पा अनेक महिन्यांचा असतो.

कॉडमन यांनी सांगितलेल्या उपचारांत काही काळ अंथरुणात विश्रांती घेऊन हात शरीरापासून दूर व उंचावलेल्या स्थितीत ठेवणे आणि मधूनमधून वाकून हात झुलवणे यांचा समावेश होता. यांतील दुसरा भाग त्यांच्या नावाने जगभर टिकला. रुग्णाने निरोगी हाताने मेज किंवा खुर्चीचा आधार घ्यावा, कमरेत पुढे वाकावे आणि दुखरा हात सैल लोंबता सोडावा. मग शरीराच्या हेलकाव्याने तो हात घड्याळाच्या लंबकासारखा मागे-पुढे, आडवा आणि लहान वर्तुळात झुलू द्यावा. यात हात धडाशी जवळजवळ काटकोनात येतो, म्हणजे उचलल्यासारखाच होतो, पण उचलण्याचे काम दुखऱ्या स्नायूंना करावे लागत नाही. हाताच्या वजनाने सांध्यात किंचित ओढ बसते. व्यायामात हात जोराने फिरवणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. कॉडमन यांना अभिप्रेत होते ते स्नायू सैल सोडणे. महाराष्ट्रातही भौतिकोपचार विभागांत रुग्णास बहुधा हा व्यायाम आधी शिकवतात. त्याला यंत्र लागत नाही, त्यामुळे तालुक्याच्या गावी राहणाऱ्या रुग्णास तो घरीच चालू ठेवता येतो. भिंतीवर बोटे चालवत नेणे, पाठीमागे टॉवेल धरून ओढणे, दोरी व कप्पीने हात उचलणे हे व्यायाम त्यानंतर येतात. वेदनेच्या टप्प्यात ताण जपून द्यावा लागतो.

आज वेदना तीव्र असताना सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. त्याने सुरुवातीच्या आठवड्यांत व महिन्यांत आराम पडतो. मधुमेहींत त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून ती तपासत राहावी लागते. सांध्यात द्रव भरून आवरण ताणणे, रुग्णास भूल देऊन खांदा हलवणे आणि दुर्बिणीतून आवरण कापून मोकळे करणे हे पुढचे उपाय आहेत.

दोन वर्षांच्या अनुमानाची तपासणी

सर्वांत चिवट रुग्णही उपचार होवोत वा न होवोत, सुमारे दोन वर्षांत बरे होतात, असे कॉडमन यांनी लिहिले होते. हे विधान अनेक दशके पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिले आणि अनेक रुग्णांना केवळ धीर धरण्याचा सल्ला देण्यात आला. १९७५ मध्ये रीव्ह्ज यांनी ४१ रुग्णांचा ५ ते १० वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा विकाराचा सरासरी काळ ३० महिने निघाला आणि सर्वांची हालचाल पूर्ववत झालेली नव्हती. १९९२ मध्ये शेफर व सहकाऱ्यांनी सरासरी सात वर्षांनंतर ६२ रुग्ण तपासले, तर निम्म्यांना सौम्य वेदना किंवा आखडलेपण शिल्लक होते. बहुतेकांना त्याचा रोजच्या कामात मोठा अडथळा नव्हता, पण ते पूर्ण बरे झालेलेही नव्हते. कॉडमन यांचे विधान अशा रीतीने त्यांच्याच पद्धतीने दुरुस्त झाले.

उपचारांची तुलनाही याच पद्धतीने पुढे गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत ५०३ रुग्णांची तीन गटांत विभागणी केली होती. एका गटास इंजेक्शनसह भौतिकोपचार दिले, दुसऱ्याचा खांदा भूल देऊन हलवला आणि तिसऱ्यावर दुर्बिणीने शस्त्रक्रिया केली. एका वर्षानंतर तिन्ही गटांची स्थिती सुधारली होती. कोणताही एक उपचार इतरांपेक्षा रुग्णाला जाणवेल इतका सरस ठरला नाही. रुग्णाची स्थिती एक वर्षाने नोंदवायची, ही मुदत कॉडमन यांच्या कार्डावरही होती.

मृत्यू व स्मृती

कॉडमन यांचे शेवटचे दिवस आर्थिक ओढगस्तीत गेले. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाने २३ नोव्हेंबर १९४० रोजी मॅसॅच्युसेट्समधील पॉन्कापोग येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी केंब्रिज येथील माउंट ऑबर्न दफनभूमीत पत्नीच्या माहेरच्या कुटुंबाच्या जागेत ठेवण्यात आल्या. तेथे त्यांच्या नावाचा दगड नव्हता. १९९६ मध्ये जॉइंट कमिशनने परिणामांच्या मोजमापातून उपचार सुधारणाऱ्या संस्थांसाठी त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. वैद्यकीय संस्थांच्या पुढाकाराने त्यांच्या समाधीवर नावाचा दगड बसवण्यात आला, तो २०१४ मध्ये.